रूपाच्या गिरणीचा दगड

आमच्या हर्सूलच्या गल्लीत रूपा दाभाडेची गिरणी आहे. शटरवर नाव नाही, पाटी नाही, तरी रिक्षावाल्याला 'रूपाची गिरणी' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. मी एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला माणूस. तीस वर्षं तक्रारवहीसमोर बसलो, त्यामुळं कुणाचं कौतुक करायची सवय तशी कमीच. पण या बाईबद्दल लिहायचं ठरवलं आहे आणि हात आखडता घेणार नाही.

रूपा मूळची पाचोडची. नवरा राजकुमार शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला. सात वर्षांपूर्वी सांडूबाबा नावाच्या म्हाताऱ्यानं गुडघे गेले म्हणून गिरणी विकायला काढली आणि हिनं ती घेतली. तेव्हा गल्लीनं काय काय तारे तोडले ते मला चांगलं आठवतंय. बाईमाणूस पट्टा कसा चढवणार, पोतं कसं उचलणार, इथपासून सुरुवात होती. आणि काही घरांत दबक्या आवाजात आणखी एक गोष्ट बोलली जात होती, ती मी लपवणार नाही, कारण माझ्याही घरात ती बोलली गेली. बौद्धांच्या बाईच्या गिरणीत उपवासाचं दळण कसं टाकायचं? लाज वाटते आता, पण आमच्या घरातला डबा सुरुवातीचे चार महिने रूपाचं दार ओलांडून मेन रोडवर जायचा. स्कूटरवर तो डबा पायात धरून नेणारा मीच होतो.

रूपा यावर कुणाशी भांडली नाही. ती फक्त दळत राहिली. सकाळी ज्वारी-बाजरी, दुपारी गहू, गुरुवारी डाळीचं पीठ. एकादशीच्या आदल्या दिवशी मशीन उघडून ब्रशनं कानाकोपरा झाडायची आणि मग भगर-राजगिरा घ्यायची. एकदा मेन रोडच्या गिरणीतून आणलेल्या आमच्या भगरीच्या पिठात हरभऱ्याचा वास आला. पुढच्या एकादशीला बायकोनं डबा उचलला आणि स्वतः चालत रूपाकडं गेली. त्या दिवसापासून मी रूपाचा काका झालो.

आता ज्या आठवड्याबद्दल सांगायचं आहे तो मागच्या हिवाळ्यातला.

गिरणीत दोन दगड असतात, एकावर एक. त्यांच्या तोंडांवर चऱ्या पाडलेल्या असतात. त्या चऱ्यांनी दाणा कापला जातो. दळून दळून चऱ्या झिजतात, दगड गुळगुळीत होतो. मग तो दाणा कापत नाही, नुसता रगडतो. पीठ गरम होऊन बाहेर पडतं आणि त्यातली विरी जाते. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ती गेली की ज्वारीची भाकरी थापताना कडेला फाटते, उचलताना तुटते आणि घरोघरी बायकांची तोंडं सुटतात. म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी दगडाला टाकी मारावी लागते, म्हणजे छिन्नी-हातोडीनं चऱ्या पुन्हा पाडाव्या लागतात. हे काम आमच्या भागातल्या सगळ्या गिरण्यांत एकच माणूस करायचा, बायजीपुऱ्याचे नवाबचाचा. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

आणि नवाबचाचा मोरीत घसरून पडले. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

रूपानं दुसरा मिस्तरी शोधला. एक जण जालन्याहून आला, दोन तास ठोकाठोक करून गेला आणि दगडाला असे खड्डे पाडून गेला की पीठ आणखीच बिघडलं. लोक कुरकुरायला लागले. कुणी गोडीत सांगे, कुणी न सांगता डबा दुसरीकडं नेई. मग एका शुक्रवारी कडूबाई आल्या.

कडूबाई म्हणजे आमच्याकडचं बडं प्रस्थ. साठी ओलांडलेली बाई, हाताखाली आठ बायका, आणि शेंद्र्याच्या कामगारांना रोज सहाशे भाकरी पुरवायचं केंद्र. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून हिशोबाची भांडणं त्या शुक्रवारी करतात. रूपाच्या गिरणीत येणाऱ्या ज्वारीतली निम्मी एकट्या कडूबाईंची. त्यांनी पदराखालून एक भाकरी काढली आणि रूपाच्या समोर धरली. भाकरीला तीन चिरा होत्या.

"हे काय हाय?"

"मावशी, दगड..."

"दगडाचं मला सांगू नको. पोरं कारखान्यात म्हणू राहिली, कडूबाई आता भाकरीचे तुकडे पाठवती का म्हणून. इतकी वर्षं कुणाची बोलायची छाती नव्हती झाली." मग आवाज थोडा खाली आणून त्या म्हणाल्या, "रूपा, तू चांगली बाई हायस. पण मला चांगली बाई नको, चांगलं पीठ पाह्यजे. पुढच्या शुक्रवारी दहा किलो ज्वारी घेऊन येते. भाकरी जमली तर जमली. नाय तर शनिवारपासून माझी पोती मेन रोडला, सुदर्शनच्या गिरणीत."

मी तिथंच डब्याशेजारी उभा होतो. कडूबाई गेल्यावर रूपा मशीनला टेकून खाली बसली. निम्मी ज्वारी गेली म्हणजे गिरणी गेली, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. राजकुमारचं कंत्राट दर अकरा महिन्यांनी तुटायचं आणि नव्यानं जुळायचं. मधल्या काळात घर चालायचं ते या दोन दगडांवर.

"काका," ती म्हणाली, "सात वर्षं चाचा टाकी मारताना बॅटरी कोण धरतं?"

"तू."

"आन चुरा कोण झाडतं?"

"तूच."

"मग आता हातोडी पण मीच धरते."

मी नेहमीप्रमाणं मोडता घातला. म्हणालो, हा काय भाकरी थापण्याचा खेळ आहे का, दगड एकदा बिघडला की नवा आणावा लागेल. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी माझा डबा उचलून घरी आलो.

शनिवारी ती बायजीपुऱ्यात गेली. चाचांची सून ताहेरा, तिनं सासऱ्याची हातोडी गव्हाच्या कोठीत लपवून ठेवली होती, कारण म्हातारा प्लास्टरसकट कामावर निघायच्या बेतात होता. रूपानं आपलं गाऱ्हाणं सांगितलं. चाचांनी आधी मान हलवली. औरतजातीला हे काम जमत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलं. ताहेरा आतून चहा घेऊन आली, कप ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, मर्दजात तो मोरी में गिरके बैठी है. सिखाव उसको." आणि गव्हात हात घालून तिनं हातोडी बाहेर काढली.

तीन दिवस रूपा चाचांच्या अंगणात एका फुटक्या दगडावर ठोकत होती. चाचा खुर्चीवर डोळे मिटून बसायचे आणि नुसतं ऐकायचे. छिन्नी नीट बसली तर दगड टण् वाजतो, तिरकी बसली तर बद्द. "नक्को, नक्को, फिर से," एवढंच त्यांचं शिकवणं. पहिल्या दिवशी बद्दच बद्द. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्यावर दोनदा हातोडी बसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा बराच वेळ काहीच बोलले नाहीत, तेव्हा रूपाला वाटलं म्हातारा झोपला. झोपला नव्हता. "चल," ते म्हणाले, "कल तेरे दगड को हाथ लगाते."

मंगळवारी गिरणीवर 'मशीन दुरुस्तीसाठी बंद' असा कागद लागला. छताच्या लोखंडी आडव्या पट्टीला साखळीची पुली होती, तिच्यावर वरचा दगड उचलून बाजूला घेतला. चाचा रिक्षानं येऊन स्टुलावर बसले. रूपानं आधी लाकडी पट्टीला ओला गेरू लावून ती दगडावर फिरवली. जिथं लाल लागलं तिथं दगड उंच, तिथं ठोकायचं. सगळं तोंड सपाट झाल्यावर चऱ्या पाडायच्या, मध्यापासून कडेपर्यंत, थोड्या तिरक्या. मंगळवारी खालचा दगड झाला. बुधवारी वरचा. चाचा डोळे मिटून ऐकत होते आणि आवाज अगदी साफ येत होता. संध्याकाळी त्यांनी डावा हात रूपाच्या डोक्यावर ठेवला आणि ते घरी गेले.

गुरुवारी सकाळी दगड बसवला, मशीन सुरू केलं. आधी पाच किलो मका टाकला, नव्या टाकीची कच निघून जाण्यासाठी. तो गुरांसाठी बाजूला ठेवला. मग ज्वारी टाकली. मीही गेलो होतो, उगाच, बघायला. पिठाच्या तोंडाखाली रूपानं हात धरला आणि तिचा चेहरा उतरला. पीठ नव्हतंच ते. भरडा पडत होता, आणि तोही गरम. दगड जवळ आणला तर धूर यायची पाळी, लांब केला तर अख्खे दाणे. जालन्याच्या मिस्तरीनं जे बिघडवलं होतं ते यापेक्षा बरं होतं.

मी डोळ्यांनी बघितलं, ती रडली. तोंड फिरवून, पदर लावून, पण रडली. आणि मी, ज्यानं आठवडाभर आधी 'जमणार नाही' म्हटलं होतं, माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून मला जराही बरं वाटलं नाही. उलट स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, "पोरी, आवाज तर बरोबर होता ना? चाचांचा कान चुकत नाही. मग गडबड आवाजात नाही, दुसरीकडं कुठंतरी आहे."

ती उठली. पुलीची साखळी माझ्या हातात दिली. "वढा काका." निवृत्तीनंतर इतकं जड काम मी पहिल्यांदाच केलं, आणि माझी कंबर त्याची आठवण अजून काढते. दगड वर गेला. ती दोन्ही तोंडांकडं बघत राहिली. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं गेरूची वाटी घेतली, वरच्या दगडाच्या चऱ्यांच्या कडांना बोटानं गेरू लावला आणि म्हणाली, "आता हळू खाली सोडा. फिरवू नका. नुसता टेकवा."

टेकवला. पुन्हा उचलला. खालच्या दगडावर गेरू उमटला होता. आणि प्रत्येक लाल रेघ बरोबर खालच्या चरीच्या कडेवर बसली होती. रेघेवर रेघ. एकही इकडची तिकडं नाही.

"अगं बाई," रूपा म्हणाली. ती हसायला लागली आणि मला कळेना काय झालं.

झालं होतं ते असं. खालच्या दगडाच्या चऱ्या उजवीकडं झुकलेल्या. वरचा दगड तर उलटा होऊन त्याच्यावर बसणार. तेव्हा दोन हात जोडले की बोटावर बोट बसतं तसे दगड बसले पाहिजेत, असा विचार करून रूपानं वरच्या दगडावर चऱ्या डावीकडं झुकवून पाडल्या होत्या. रोज सकाळी वंदनेला हात जोडणाऱ्या बाईला हेच सुचणार. पण दगडांनी हात जोडायचे नसतात. चरीवर चर आडवी गेली तरच मधला दाणा कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. दोन्ही दगड समोर उताणे ठेवले तर दोघांच्या चऱ्या एकाच बाजूला झुकलेल्या हव्यात. मग उलटल्यावर त्या आपोआप एकमेकींना छेदतात.

तिनं चाचांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. तिनं सगळं सांगितलं.

"गलती मेरी है बेटा," चाचा म्हणाले. "चालीस साल हाथ को मालूम था. जबान को किसीने पूछाच नहीं. मैं कान लगाके बैठा, आँख खोलके देखा नहीं. ठैर, मैं आता हूँ."

मागून ताहेराचा आवाज आला, कुठं जायचं नाही म्हणून.

"येऊ नका चाचा," रूपा म्हणाली. "मला समजलंय."

दुपारचे साडेबारा झाले होते. तिनं वरच्या दगडाचं अख्खं तोंड दीड सूत खाली उतरवलं, त्या सुंदर साफ चऱ्या स्वतःच्या हातानं खरवडून टाकल्या. मला तेवढं बघवलं नाही, मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. बायकोनं पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली. परत आलो तर रूपानं डबा बाजूला सरकवला आणि ठोकत राहिली. हाताला फडकं गुंडाळलेलं, फडक्यावर लाल डाग, आणि तो गेरू नव्हता. चार वाजता राजकुमार पहिल्या पाळीतून आला. त्यानं कपडे न बदलता बॅटरी धरली, जशी ती चाचांसाठी धरायची. सूर्य मावळायच्या आत दगड झाला. तिनं पुन्हा गेरू लावला, टेकवला, उचलला. या वेळी खालच्या दगडावर लाल जाळी उमटली होती, चौकोन चौकोन, चाळणीसारखी. राजकुमार म्हणाला, "आता बघ उद्या." आणि एक सांगितलं, "पण कडूबाईला बोलू नको तू केलं म्हणून. मिस्तरी आणला म्हण. उगाच आधीच मनात पाल चुकचुकायची."

शुक्रवारी सकाळी दहाला कडूबाई आल्या. त्यांच्यामागं त्यांच्या केंद्रातल्या तीन बायका, आणि गल्लीतल्या डबेवाल्या बायकांची रांग वेगळीच. दहा किलो मालदांडी ज्वारी मशीनवर ओतली गेली. मका टाकून कच आधीच काढलेली होती. पीठ पडायला लागलं तसा कडूबाईंनी हात खाली धरला. अंगठा आणि बोटाच्या मध्ये चिमूट चोळली. गालाला लावून बघितली.

"गार हाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग त्यांनी रूपाच्या मागच्या खोलीत स्वयंपाकघर गाठलं. आम्ही सगळे दारात. रूपानं भाकरीसाठी पाणी गरम करायला गॅस पेटवला तर कडूबाई म्हणाल्या, "गरम पाणी कशाला? गरम पाण्यात मळलं तर मेलेल्या पिठाची पण भाकरी होती. गार पाणी दे."

रूपानं माठातलं पाणी दिलं. कडूबाईंनी पीठ मळलं, तळव्यानं रगडून रगडून, आणि परातीत थापायला घेतलं. त्यांचा हात फिरत होता आणि भाकरी मोठी होत होती. ताटाएवढी झाली तरी त्या थांबेनात. कड पातळ होत गेली, आम्ही चिरेची वाट बघत होतो. चीर गेली नाही. त्यांनी भाकरी दोन्ही हातांवर उचलली आणि मुद्दाम जराशी हवेत धरून ठेवली. तुटली नाही. तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, मग आचेवर गेली आणि एका क्षणात टम्म फुगली. रांगेतल्या एका बाईनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मीही वाजवली, आणि मी टाळ्या वाजवणारा माणूस नाही.

कडूबाईंनी एक घास मोडला, नुसताच खाल्ला, दातांखाली कच लागते का ते बघत सावकाश चावला.

"मिस्तरी कुठला आणला गं?"

रूपानं राजकुमारकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता.

"सांग ना. सुदर्शनच्या गिरणीची पण हीच बोंब हाय. परवा तिथं पण दळून पाह्यलं मी, खोटं कशाला बोलू. चाचा पडल्यापासून साऱ्या गिरण्यांचे दगड बसलेत. तो पण मिस्तरी हुडकू राहिला. नंबर दे मिस्तरीचा." त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. "बोल."

"नव्वद, अकरा..." रूपा एकेक आकडा सांगत गेली. कडूबाई डोळे बारीक करून बटणं दाबत होत्या. दहा आकडे झाले आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं.

बाहेर पिठाच्या डब्यावर ठेवलेला रूपाचा फोन वाजायला लागला.

कडूबाईंनी मोबाइल कानापासून काढून पडद्याकडं बघितलं. तिथं 'रूपा गिरणी' असं लिहून आलं होतं. फोन वाजतच होता. कडूबाईंनी पुढं होऊन रूपाचा उजवा हात ओढला, फडकं सोडलं आणि तळहात उजेडाकडं केला. फुटलेले फोड, काळानिळा अंगठा, नखांत अजून गेरू.

"ह्या हातानं?"

"व्हय मावशी. चाचांनी शिकवलं. एकदा चुकलं, मग परत केलं."

रूपाची मान ताठ होती. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की माझी स्वतःची पोरगी असती तरी याहून जास्त वाटला नसता. कडूबाईंनी तो हात बराच वेळ सोडला नाही. त्यांचेही डोळे भरले होते, पण ती बाई तसं कबूल करणारी नाही. डाव्या हातानं त्यांनी दुसरा नंबर लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "हं, सुदर्शन, मिस्तरी मिळाला बरं का. आपली रूपा. काय? व्हय, तीच. हसू नको, भाकरी हाय माझ्या समोर, येऊन बघ. पण उद्या नाय येणार ती तुझ्याकडं, परवा येईल. उद्या तिला माझी सहा पोती दळायचीत."